बादलीतला बाप्पा आणि बिस्किटातली जाळी

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो: ‘क्षेत्रीय कार्यालयात पावडर आली आहे, ज्यांची मूर्ती पीओपीची आहे त्यांनी घरी बादलीतल्या विसर्जनासाठी घेऊन यावी.’ पाठोपाठ प्रश्न सुरू होतात. ही पावडर म्हणजे अ‍ॅसिड आहे का? हातमोजे घालायचे का? ते पाणी तुळशीला घातलं तर चालेल का? एखादे काका लिहितात, ‘सगळी फसवणूक आहे, माझी मूर्ती तशीच राहिली.’ एखाद्या काकू त्याखाली नुसता हात जोडलेला इमोजी टाकतात आणि चर्चा तिथेच थांबते.

ही पावडर म्हणजे अमोनियम बायकार्बोनेट. नाव जड वाटतं, पण हा पदार्थ तुम्ही लहानपणापासून खात आला आहात. घरात ग्लुकोज बिस्किटाचा पुडा असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. घटक पदार्थांच्या यादीत बहुधा ‘503’ हा आकडा सापडेल. तोच हा. जो पदार्थ बिस्किटाला जाळी पाडतो, तोच प्लास्टरची मूर्ती फोडतो. दोन्हीकडे त्याची एकच खोड कामाला येते: या पदार्थाला एकत्र राहायचा कंटाळा आहे.

आधी ‘क्षार’ म्हणजे काय

रसायनशास्त्रात क्षार म्हणजे दोन विरुद्ध विद्युतभाराच्या भागांची जोडी. मिठात सोडियम आणि क्लोराइड असतात, खाण्याच्या सोड्यात सोडियम आणि बायकार्बोनेट. सोड्यातलं सोडियम काढून तिथे अमोनियम बसवलं की आपली पावडर तयार. एवढाच फरक, पण त्याने स्वभाव पार बदलतो. सोडियम जागचं हलत नाही. अमोनियम मात्र संधी मिळाली की अमोनिया वायू होऊन उडून जातं.

ज्यांनी कल्हईवाला पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तापलेल्या पितळी पातेल्यात तो पांढरी चिमूट टाकून कापसाने घासायचा आणि भसकन पांढरा धूर उठायचा. ती चिमूट नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइडची. उष्णतेने त्याची जोडी फुटते, दोन्ही भाग हवेत उडतात आणि वर गार झाल्यावर पुन्हा एकत्र येतात. तोच पांढरा धूर. नवसागराला त्यासाठी चांगली आच लागते. त्याच्या या चुलत भावाला साधा उन्हाळाही पुरतो.

अमोनियम बायकार्बोनेट 36 अंश सेल्सियसच्या आसपासच विघटित होऊ लागतं आणि 60 अंशांपर्यंत ते झपाट्याने संपतं. त्याचे होतात तीन पदार्थ: अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. तिन्ही हवेत जाणारे, मागे काही उरत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात या पावडरीचं पोतं तोंड उघडं ठेवून गोदामात ठेवलं तर चोर न येता माल कमी होतो. गोदामात मात्र असा वास सुटतो की डोळ्यांतून पाणी यावं.

बिस्किटाला हेच हवं असतं

खाण्याचा सोडा तापला की थोडा वायू सोडतो आणि मागे धुण्याच्या सोड्यासारखा क्षार ठेवतो. प्रमाण चुकलं की साबणासारखी चव लागते आणि रंगही पिवळट होतो. अमोनियम बायकार्बोनेट भट्टीत गेलं की सगळंच्या सगळं वायू होतं. पीठ फुगतं, जाळी पडते, खुसखुशीतपणा येतो आणि खाणाऱ्याच्या जिभेला त्याचा पत्ताही लागत नाही. बेकरीवाले याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात. नानखटाईची भट्टी उघडताना नाकात जी झणझणी जाते, ती याचीच.

मग केकमध्ये का घालत नाहीत? केक जाड आणि ओलसर असतो. अमोनिया पाण्यात फार पटकन विरघळतो, त्यामुळे तो आतल्या ओलाव्यात अडकून बसतो आणि केकला वास येतो. म्हणून हा मसाला पातळ, कोरड्या जिनसांपुरता. युरोपात पूर्वी हा हरणाची शिंगं बंद भांड्यात तापवून मिळवत, आणि उत्तरेकडच्या देशांत कुकीज करणारे आजही त्याला हरणाच्या शिंगाचा क्षार म्हणतात. शिंगांचा संबंध मात्र कधीच संपला आहे.

आरोग्याचं काय, हा प्रश्न रास्त आहे. अमोनिया पोटात जात नाही, तो भट्टीतच उडतो. खरी शंका वेगळी आहे. हा क्षार घातलेली बिस्किटं भाजताना अ‍ॅक्रिलामाइड नावाचा एक नकोसा पदार्थ सोडा घातलेल्या बिस्किटांपेक्षा जास्त तयार होतो, असं संशोधनात दिसलं आहे. म्हणून युरोपात तो शक्य तिथे कमी करावा, असा सल्ला दिला जातो. बिस्किटाचा पुडा फेकून देण्याइतकी ही बाब मोठी नाही, पण आहे ती अशी आहे.

मागे काही न ठेवण्याचा हाच गुण इतरत्रही विकला जातो. स्पंजासारखं रबर फुगवायला तो चालतो, मातीच्या भांड्यांसारख्या सिरॅमिक वस्तूंना सूक्ष्म छिद्रं पाडायला चालतो. प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांत त्याचं द्रावण वापरतात, कारण काम झाल्यावर नमुना वाळवला की द्रावणातला क्षारही नाहीसा होतो, खरवडत बसावं लागत नाही.

कारखान्यात हा कसा बनतो

पाण्यात अमोनिया विरघळवायचा आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडायचा. गंमत अशी की हे दोन्ही वायू एकाच आवारात मिळतात. अमोनिया करायला हवेतला नायट्रोजन आणि नैसर्गिक वायूतून काढलेला हायड्रोजन लागतो, आणि तो हायड्रोजन काढताना कार्बन डायऑक्साइड ढिगाने बाहेर पडतो. म्हणजे एका हाताला मुख्य माल आणि दुसऱ्या हाताला त्याचाच टाकाऊ वायू. दोघांची गाठ घातली की झालं. म्हणून खताच्या कारखान्यांना हा जोडधंदा सोपा जातो. मुंबईत चेंबूरला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात तो तयार होतो.

अडचण एकच. ही क्रिया होताना उष्णता बाहेर पडते, आणि उष्णता तर या क्षाराची वैरीण. म्हणून ज्या मनोऱ्यांत ही क्रिया चालते ते सतत गार ठेवावे लागतात. खाली बसलेले पांढरे स्फटिक गरगर फिरणाऱ्या यंत्रात घालून पाणी निथळवतात. गरम हवेने वाळवायची सोय नाही, माल हवेतच जायचा.

चीनने एके काळी याच क्षारावर शेती उभी केली. होउ देबांग या रसायन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली 1958 च्या सुमाराला तिथे लहान लहान कारखान्यांची पद्धत बसवली गेली, आणि पुढे कितीतरी वर्षं चिनी शेतकऱ्याच्या हातात युरियाऐवजी हीच पावडर होती. यात नत्र जेमतेम 17.7 टक्के, युरियात 46. शिवाय वर फेकलं तर उडून जाणार, म्हणून मातीत खोल पुरावं लागे. युरिया मिळू लागल्यावर शेतकऱ्यांनी हळूहळू याची साथ सोडली, यात नवल नाही.

आता बादलीकडे: मूर्ती पाण्यात का विरघळत नाही

प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम या खनिजातलं बरंचसं पाणी तापवून उडवलेली पांढरी भुकटी. त्यात पुन्हा पाणी घातलं की काही मिनिटांत त्याचं परत जिप्सम होतं आणि ते घट्ट बसतं. म्हणजे तुमच्या घरी आलेली ‘पीओपीची’ मूर्ती खरं तर जिप्समची असते. रासायनिक नाव कॅल्शियम सल्फेट.

जिप्सम पाण्यात अजिबात विरघळत नाही, हे खरं नाही. एका लिटरमध्ये सव्वादोन-अडीच ग्रॅम विरघळतं. पण दोन किलोची मूर्ती पुरती विरघळायला त्या हिशेबाने आठशे लिटरांहून अधिक पाणी हवं, तेही हलतं आणि मूर्तीच्या अंगाला थेट लागणारं. इथे तर वर ऑइलपेंटचा थर, आत काथ्या, आणि नदीच्या तळाशी गाळ. म्हणून अनंत चतुर्दशीनंतर कित्येक दिवसांनीही सोंड, हात, मुकुट ओळखू येतात. ते दृश्य कुणालाच आवडत नाही, भाविकाला तर नाहीच.

अमोनियम बायकार्बोनेट काय करतं, ते जुन्या लग्नांच्या भाषेत सांगतो. पूर्वी साटंलोटं करत. या घरची मुलगी त्या घरी द्यायची आणि त्या घरची मुलगी सून म्हणून आणायची. बादलीत तसंच होतं. एका घरात कॅल्शियम आणि सल्फेट, दुसऱ्यात अमोनियम आणि बायकार्बोनेट. अदलाबदल झाली की कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट अशी दोन नवी घरं होतात. पहिला म्हणजे खडूची पांढरी भुकटी, दुसरं म्हणजे खत. बायकार्बोनेटचा उरलेला अर्धा वाटा कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांनी निघून जातो. पाण्याला फेस येतो तो त्याचाच.

पण जिप्सम आधी विरघळतच नव्हतं, मग आता कसं? पंगत आठवा. सभागृहात पाटच थोडे असले की पहिले बसलेले उठेपर्यंत बाकीचे दारात ताटकळतात. पाण्यात जिप्समसाठी पाट थोडेच आहेत. पण इथे बसलेल्या कॅल्शियमला कार्बोनेट लगेच हाताला धरून उठवतं आणि खडूच्या रूपाने तळाशी नेऊन बसवतं, कारण खडूसाठी पाण्यात जिप्समपेक्षाही कैक पटींनी कमी पाट असतात. पाट रिकामा झाला की मूर्तीतलं पुढचं जिप्सम येऊन बसतं. पंगतीवर पंगत उठत राहते आणि साधारण दोन दिवसांत मूर्तीचा भुगा होतो.

या हिशेबात ‘विरघळणं’ हा शब्द फसवा आहे. मूर्ती विरघळत नाही, तिचा पदार्थ बदलतो. त्या काकांच्या बादलीत दोन दिवसांनीही तळाशी पांढरा ढीग होता तो म्हणूनच. ते प्लास्टर नव्हतं, खडू होता.

तुमच्या बादलीत सिंद्रीचा कारखाना

हा शोध नवा नाही. जर्मनीत मेर्सेबुर्ग शहराच्या नावाने ओळखली जाणारी हीच प्रक्रिया शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. गंधकाम्ल न वापरता जिप्सममधूनच सल्फेट मिळवून खत करायचं, ही त्यामागची युक्ती. स्वतंत्र भारताने उभारलेला पहिला मोठा खत कारखाना, झारखंडातल्या आजच्या धनबाद जिल्ह्यातला सिंद्रीचा, 1951 साली याच पद्धतीने सुरू झाला. जिप्सम, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड आत. अमोनियम सल्फेट बाहेर. उरलेला खडू शेजारच्या सिमेंट कारखान्याला जायचा. सिंद्रीत टनांनी चाललेली क्रिया पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलने, बादलीच्या मापात बसवली आणि महापालिकेने ती घरोघरी नेली. हाडं जुळवायला घातलेली प्लास्टरं कापल्यावर रुग्णालयात जो कचरा साचतो, त्यावरही तिथल्या शास्त्रज्ञांनी हाच उपाय करून पाहिला आहे. 20 टक्के द्रावणात तो कचरा 24 ते 36 तासांत फुटतो.

आकडे घरच्या वहीत

दोन किलोची मूर्ती घेऊ. हिशेबाने तिला साधारण 1.85 किलो पावडर लागते, म्हणजे ढोबळमानाने मूर्तीच्या वजनाइतकीच. ‘दोन चमचे टाकले, काही झालं नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. दोन दिवसांनी बादलीत सुमारे 1.5 किलो अमोनियम सल्फेट आणि 1.15 किलोच्या आसपास खडू असतो. हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड अर्धा किलो, म्हणजे एक माणूस अर्ध्या दिवसात श्वासातून सोडतो तितका.

पाणी साधंच घ्यावं. ‘गरम पाण्याने लवकर होईल’ असं वाटतं खरं, पण गरम पाण्यात पावडर मूर्तीपर्यंत पोचायच्या आत हवेत जाते आणि घरभर वास सुटतो. मधूनमधून काठीने ढवळायला विसरू नका. तयार झालेला खडू मूर्तीच्या अंगावरच साय धरतो आणि आतल्या जिप्समची वाट अडवतो. ढवळलं की ती साय गळून पडते. बादली प्लास्टिकची हवी. तांब्या-पितळेच्या घंगाळात हा प्रयोग करू नका, अमोनिया तांब्याला खातो. आणि जागा उघडी हवी: गच्ची, बाल्कनी. बंद न्हाणीघर नको, आणि त्याच जागी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच तर मुळीच नको, कारण अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. चुनाही लांब ठेवा. तो घातला तर सगळा अमोनिया एकदम बाहेर पडेल.

‘ते पाणी झाडांना घाला’, पण किती?

इथे मला या पावडरीच्या माहितीपत्रकांशी थोडं भांडायचं आहे. ‘उरलेलं पाणी उत्तम खत आहे’ हे अर्धंच वाक्य आहे. अमोनियम सल्फेटमध्ये 21 टक्के नत्र आणि 24 टक्के गंधक असतं, खत म्हणून ते उत्तमच. पण दहा लिटर पाण्यात दीड किलो म्हणजे लिटरला 150 ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम क्षार असतात. समुद्राच्या चौपटीहून खारट पाणी तुम्ही तुळशीच्या कुंडीत ओतलंत तर दसऱ्यापर्यंत तुळस राहणार नाही. किमान शंभर पट पाणी घालून पातळ करायला हवं. म्हणजे एका बादलीच्या शंभर बादल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या चार कुंड्यांना त्या संपणार नाहीत.

शेतकऱ्याला मात्र हे काहीच नाही. दीड किलोत नत्र जेमतेम 320 ग्रॅम. सुरू उसाला हेक्टरी 250 किलो नत्राची शिफारस असते. त्या मानाने एका बाप्पाचं खत एका गुंठ्याच्या आठव्या हिश्श्यालाही कसंबसं पुरतं. म्हणजे शहराच्या कुंड्यांना जास्त आणि शिवाराला किरकोळ. सोसायटीच्या शंभर बादल्या एका टाकीत जमवून बागेला किंवा जवळच्या शेताला दिल्या तरच या गणिताला अर्थ आहे. आणि बादली थेट मोरीत उपडी केली तर? ते नत्र गटारातून मुळा-मुठेत पोचणार, आणि तिथे जलपर्णी त्याची वाटच पाहत असते. नदी वाचवायला आणलेली पावडर मग नदीलाच खत घालते.

‘जिप्सम तर शेतातही घालतात, मग नदीत पडलं तर काय बिघडलं?’

हा आक्षेप मला आवडतो, कारण त्यात तथ्य आहे. चोपण जमिनी सुधारायला जिप्सम वापरतात हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. शुद्ध जिप्सम विषारी नाही. पण नदीत पडते ती मूठभर भुकटी नव्हे, पडतो तो रंगवलेला दगड. तो गाळात रुततो, पात्र उथळ करतो. तळाशी जिथे प्राणवायू नाही तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, सडलेल्या अंड्यासारखा वास येतो तो वायू. आणि रंगातले जड धातू वेगळेच.

रंगाच्या बाबतीत आपली पावडर पूर्ण हतबल आहे. ऑइलपेंटचे पापुद्रे, चमकी, काथ्या, तार यांतलं काही ती पचवत नाही. ते सगळं खडूच्या गाळात राहतं. म्हणून तो गाळ कुंडीत टाकायचा नाही, गाळून वेगळा करून महापालिकेच्या संकलनाला द्यायचा. मूर्ती घेतानाच हलके, पाण्यात उतरणारे रंग निवडले तर हा भाग बराच सोपा होतो.

‘मग शाडूच का घेत नाही?’

घ्यावी. शाडूच्या मूर्तीला यातलं काहीही लागत नाही, बादलीभर साधं पाणी पुरतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या सुधारित सूचनांत पीओपी टाळायलाच सांगितलं होतं. पण शाडू जड, ठिसूळ आणि घडवायला वेळखाऊ. पेण-हमरापूरच्या कारखान्यांचं वर्षभराचं पोट साच्यातून पटापट निघणाऱ्या हलक्या मूर्तींवर चालतं. 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला वाट दिली, पण परवानगीशिवाय त्या नैसर्गिक पाण्यात सोडायच्या नाहीत, ही अट कायम राहिली. म्हणजे मूर्ती घरात येणार आणि नदीकडे जाणार नाही. मधल्या जागेत हौद उरतो किंवा बादली, आणि बादली म्हटली की ही पावडर.

ती फुकट पडत नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं. तिच्यातला अमोनिया नैसर्गिक वायू खर्चूनच आलेला असतो. बादलीतलं पाणी शेतात गेलं तर तेवढं विकतचं खत वाचतं आणि हिशेब बराचसा फिटतो. मोरीत गेलं तर अमोनिया करायला लागलेली ऊर्जाही गेली आणि नदीही.

राहता राहिला उरलेल्या पाकिटाचा प्रश्न. मूर्ती लहान निघाली, अर्धा किलो पावडर शिल्लक आहे, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून पाकिटाला रबर लावून माळ्यावर टाकायचा मोह होतो. पत्र्याखालचा माळा एप्रिल-मेमध्ये किती तापतो ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या भाद्रपदात पाकीट जागेवर सापडेल, रबरही सापडेल. त्यापेक्षा या वर्षीच शेजाऱ्यांना विचारा, त्यांची मूर्ती केवढी आहे.